जीवसृष्टींतील सूक्ष्म कात्री आणि सुई

इ. स. १९२२ च्या जानेवारी महिन्यांत कॅनडांतील टोरँटो येथील एका इस्पितळांत लेनर्ड टॉम्सन नांवाचा चौदा वर्षांचा मुलगा मरणोन्मुख अवस्थेंत पडलेला होता. त्यास मधुमेह झाला होता. आणि त्या काळीं लहान वयांत जडलेल्या मधुमेहावर रोग्याचें अन्न तोडून त्यास अस्थिपंजर अवस्थेंत आणखी कांहीं काळ जगविणें यापलीकडे वैद्यांच्या हातीं कांहींहि नव्हतें. या मुलास जनावराच्या स्वादुपिंडापासून काढलेला अर्क टोंचण्यांत आला. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नसल्यामुळें गुण आला नाहीं. परंतु बारा दिवसांनीं अधिक शुद्ध केलेला अर्क दिला, तेव्हां रक्तांतील साखर झपाट्यानें उतरली व मुलास हुशारी वाटूं लागली. पुढें तो तेरा वर्षें जगला. इन्सुलिन या द्रव्याचा हा पहिला विजय होय.

या विजयाच्या पाठोपाठ एक अडचण उभी राहिली. इन्सुलिन हवें तर तें गाईबैलांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतूनच काढावें लागे. आठ औंस शुद्ध इन्सुलिनकरितां दोन टनांहून अधिक वजनाचे अवयव कत्तलखान्यांतून गोळा करावे लागत. शिवाय डुकराचें इन्सुलिन मनुष्याच्या इन्सुलिनहून एका दुव्यानें व गाईचें तीन दुव्यांनीं वेगळें असतें. त्यामुळें कांहीं रोग्यांच्या शरीरास तें मानवत नसे. साठ वर्षें हाच क्रम चालला. मग १९८२ सालीं अमेरिकेंत एक निराळेंच इन्सुलिन औषध म्हणून मंजूर झालें. तें कोणत्याहि जनावराच्या शरीरांतून काढलेलें नव्हतें. तें होतें मनुष्याचेंच इन्सुलिन. पण बनविलें होतें मोठमोठ्या पिंपांत वाढविलेल्या जीवाणूंनीं. मनुष्याच्या शरीरांतील ही विद्या जीवाणूंस कोणीं व कशी शिकविली, हें समजून घ्यावयाचें, तर ज्या सूक्ष्म कात्र्यांनीं व सुयांनीं हें काम केलें, त्यांची ओळख करून घेतली पाहिजे.

प्रत्येक सजीवाच्या पेशींत डीएनए नांवाचा अतिशय लांब व बारीक असा दुपेडी धागा असतो. पेशीनें कोणतीं प्रथिनें कशीं बनवावीं, याचा मजकूर या धाग्यावर चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. ए, टी, जी व सी हीं तीं अक्षरें. दोन पेडांवरील अक्षरें समोरासमोर जोडीनें बसतात: ए समोर नेहमीं टी आणि जी समोर नेहमीं सी. एका प्रथिनाचा मजकूर ज्या भागांत येतो, त्यास सामान्यतः जनुक म्हणतात. मनुष्याच्या पोथींत अशा सुमारें ३०० कोटि जोड्या आहेत. आतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय नामक साध्या जीवाणूंतहि त्या सुमारें ४६ लक्ष आहेत. विशेष हें कीं, जीवाणू असो, आंब्याचें झाड असो वा मनुष्य असो, लिपि सर्वांची एकच. म्हणूनच मनुष्याच्या पोथींतील एक पान उतरवून तें जीवाणूच्या पोथींत शिवतां आलें, तर जीवाणू तें वाचूं शकेल, अशी आशा शास्त्रज्ञांस वाटूं लागली.

परंतु पान कापावें कशानें? या धाग्याची जाडी एका मिलिमीटरच्या पांच लक्षाव्या भागाइतकी. येथें पोलादी पात्याचा कांहीं उपयोग नाहीं. तीव्र रसायनांनीं धागा तुटतो खरा. पण तो कोठेंहि तुटतो, हव्या त्या जागीं तुटत नाहीं. शेवटीं हत्यार सांपडलें तें जीवसृष्टींतच, आणि तें विकरांच्या रूपानें.

विकर म्हणजे ज्यास इंग्रजींत एन्झाइम म्हणतात तें. भाताचा घांस पुष्कळ वेळ चावला म्हणजे गोडसर लागूं लागतो, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. लाळेंतील एक विकर भातांतील पिष्टाच्या लांब साखळ्या तोडून त्यांची साखर करतें, म्हणून ही गोडी येते. विकरें हीं बहुतेक सर्व प्रथिनेंच असतात. प्रत्येकाचें काम ठरलेलें. आणि तें काम उरकल्यावर विकर स्वतः जसेंच्या तसें राहून पुढच्या कामास मोकळें होतें. पिष्ट तोडणारें विकर डीएनएच्या वाटेस जात नाहीं, आणि डीएनए तोडणारें विकर पिष्टास शिवत नाहीं. हा नेमकेपणा हाच विकरांचा मोठा गुण होय.

डीएनए कापणाऱ्या या कात्र्यांचा शोध लागला तो एका अगदीं निराळ्या प्रश्नाचा पाठपुरावा करतांना. जीवाणूंनाहि शत्रु असतात. कांहीं विषाणू जीवाणूस चिकटून आपला डीएनए त्याच्या पोटांत सोडतात व त्याच्याकडून स्वतःच्या नकला करवून घेतात. १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत असें आढळून आलें कीं, जीवाणूंच्या एका उपजातींत जोमानें वाढणारा विषाणू दुसऱ्या उपजातींत सोडला तर बहुधा निष्प्रभ होतो. स्वित्झर्लंडांतील जिनीव्हा येथें वेर्नर आर्बर यांनीं १९६० नंतर या कोड्याचा उलगडा केला. जीवाणूच्या अंगीं परका डीएनए तोडून टाकणारें विकर असतें. मग तें स्वतःचा डीएनए कां तोडीत नाहीं? परीट ज्याप्रमाणें घराघराच्या कपड्यांवर बिब्ब्याची खूण करून ठेवतो, त्याप्रमाणें जीवाणूचें दुसरें एक विकर स्वतःच्या डीएनएवर ठराविक जागीं मेथिल नांवाच्या लहानशा रासायनिक गटाची खूण करून ठेवतें. खूण असलेली जागा कात्री सोडून देते. बिनखुणेची जागा दिसली कीं कापते.

१९७० सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें हॅमिल्टन स्मिथ व त्यांचे सहकारी केंट विल्कॉक्स यांनीं हिमोफिलस इन्फ्लुएंझी नामक जीवाणूपासून अशी एक कात्री शुद्ध स्वरूपांत वेगळी केली. त्यांची कसोटी मोठी सुबोध होती. डीएनएचें द्रावण पाकासारखें दाट असतें. धागे तुटले कीं तें पातळ होतें. जीवाणूंतून काढलेला रस परक्या डीएनएंत मिसळला, तेव्हां द्रावण पातळ झालें. त्याच जीवाणूच्या स्वतःच्या डीएनएंत मिसळला, तेव्हां कांहीं फरक पडला नाहीं. ही कात्री अक्षरांचा एक विशिष्ट क्रम ओळखून तेथेंच कापते, हेंहि सिद्ध झालें. त्याच संस्थेंतील डॅनियल नेथन्स यांनीं १९७१ सालीं तिनें एका विषाणूच्या डीएनएचे ११ तुकडे करून दाखविले. आर्बर, स्मिथ व नेथन्स या तिघांस १९७८ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

पुढें अशा शेंकडों कात्र्या सांपडल्या. त्यांपैकीं फार प्रसिद्धीस आलेली म्हणजे सॅन फ्रॅन्सिस्को येथें हर्बर्ट बॉयर यांच्या प्रयोगशाळेंत ई. कोलायच्या एका उपजातीपासून मिळविलेली इको-आर-वन ही होय. कात्रीस तिच्या मूळ जीवाणूच्या नांवांतील अक्षरांवरून नांव द्यावें, असा प्रघात आहे. जी-ए-ए-टी-टी-सी अशीं सहा अक्षरें क्रमानें आलीं कीं, ती जी व ए यांच्या मध्यें धागा कापते. ‘नवजीवन’ हा शब्द शेवटाकडून वाचला तरी नवजीवनच राहतो. या सहा अक्षरांची खुबी थोडी निराळी, पण त्याच जातीची आहे. समोरच्या पेडावर यांच्या जोडीचीं जीं अक्षरें असतात, तीं उलट दिशेनें वाचलीं असतां पुनः जी-ए-ए-टी-टी-सी हाच क्रम निघतो. त्यामुळें दोन्ही पेड एका रेषेंत कापले जात नाहींत. एक अलीकडे व दुसरा पलीकडे असा पायरीसारखा काप पडतो आणि प्रत्येक टोंकास ए-ए-टी-टी हीं चार अक्षरें एकेरी लोंबत राहतात. चार अक्षरांपैकीं सहांचा एक ठराविक क्रम योगायोगानें यावयाचा, तर तो सरासरीनें ४,०९६ अक्षरांत एकदां येईल. म्हणजे पडणारे तुकडे हाताळण्यास सोईच्या लांबीचे असतात.

या लोंबत्या टोंकांमुळेंच पुढील सारें काम सुलभ झालें. एका तुकड्याच्या ए-ए-टी-टी या टोंकासमोर दुसऱ्या तुकड्याचें तसेंच टोंक आलें, कीं अक्षरांच्या जोड्या जुळतात व टोंकें एकमेकांस चिकटतात. मग एक तुकडा बेडकाचा व दुसरा जीवाणूचा असला तरी अडत नाहीं. स्टॅनफर्ड विद्यापीठांत जॅनेट मर्ट्झ व रोनल्ड डेव्हिस यांनीं १९७२ सालीं हें दाखवून दिलें. अशा टोंकांस ‘चिकट टोंकें’ असेंच म्हणतात.

परंतु हें चिकटणें कच्चें असतें. शिंपी आधीं धांवदोरा घालून कापड जागच्या जागीं बसवितो व मग पक्की शिवण घालतो. चिकट टोंकांची जुळणी हा धांवदोरा होय. थोडी ऊब लागली तरी तो उसवतो. पक्की शिवण घालणारें विकर निराळें. त्याचें नांव लायगेज. तें १९६७ सालीं अनेक प्रयोगशाळांत जवळजवळ एकाच सुमारास सांपडलें. पेशींत त्याचें काम नित्याचें आहे. पेशी दुभंगण्यापूर्वीं डीएनएची नक्कल होते, तेव्हां एक पेड सलग उतरतो, परंतु दुसरा लहान लहान तुकड्यांनीं तयार होतो. ही गोष्ट जपानांतील रेइजी ओकाझाकी व त्यांच्या पत्नी त्सुनेको यांनीं उजेडांत आणिली. ते तुकडे सांधून पेड अखंड करणें हें लायगेजचें कर्तव्य.

डीएनएच्या प्रत्येक पेडाचा कणा साखर व फॉस्फेट यांच्या एकाआड एक कड्यांचा असतो. एका तुकड्याच्या टोंकाचें फॉस्फेट व शेजारच्या तुकड्याच्या टोंकाची साखर यांमध्यें लायगेज पक्का बंध घालतें. या कामास शक्ति लागते. प्रयोगशाळांत बहुधा वापरण्यांत येणारें लायगेज टी-फोर नांवाच्या विषाणूच्या जनुकापासून आलेलें असून, तें ही शक्ति एटीपी नामक द्रव्यापासून घेतें. लायगेजला ऊब मानवते, तर धांवदोरा थंडींत टिकतो; म्हणून मधला मार्ग काढून मिश्रण सुमारें १६ अंश सेंटिग्रेडवर रात्रभर ठेवण्याची चाल पडली.

कात्री व सुई यांखेरीज शिंप्यास गज लागतो, खडू लागतो. त्याप्रमाणें या कामींहि कांहीं मदतनीस विकरें लागतात. जीवाणूंत मुख्य डीएनएशिवाय पुष्कळदां प्लाझ्मिड नांवाचीं लहान डीएनए-वर्तुळें असतात. परकें जनुक जीवाणूंत पोंचविण्यास हीं वर्तुळें वाहनासारखीं उपयोगी पडतात. परंतु वर्तुळ कापून त्यांत नवा तुकडा बसवूं जावें, तों त्याचीं दोन टोंकें आपापसांतच जुळून वर्तुळ पुनः मिटतें. यावर उपाय म्हणून अल्कलाइन फॉस्फटेज नांवाचें विकर वापरून वर्तुळाच्या टोंकांचीं फॉस्फेटें काढून घेतात. फॉस्फेट नाहीं, म्हणून लायगेजला तीं टोंकें आपसांत शिवतां येत नाहींत. नव्या तुकड्याजवळ फॉस्फेट असतें, त्यामुळें तो मात्र शिवला जातो.

याच्या उलट काम कायनेज या विकराचें. तें टोंकास फॉस्फेट लावतें. रासायनिक कृतीनें बनविलेल्या तुकड्यांस तें नसतें, तेथें कायनेजची गरज पडते. पंजाबांतील रायपूर या खेड्यांत १९२२ सालीं जन्मलेले हरगोविंद खुराना यांनीं अमेरिकेंत यीस्टच्या एका जनुकाची ७७ अक्षर-जोड्यांची संपूर्ण रचना १९७० सालीं सिद्ध केली, ती याच रीतीनें: लहान तुकडे रसायनशाळेंत घडवावे, कायनेजनें त्यांस फॉस्फेट लावावें आणि लायगेजनें ते सांधावे. जनुक हें केवळ सजीवाच्या पोटींच जन्मतें, ही समजूत त्या दिवशीं मागें पडली.

आणखी एका विकराचें नांव घेतलें पाहिजे. पेशींत डीएनएवरील मजकुराची आरएनए नांवाची कामचलाऊ प्रत निघते व तिच्यावरून प्रथिन बनतें. आरएनएवरून उलट डीएनए बनविणारें विकर हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर यांस १९७० सालीं, परस्परांपासून स्वतंत्रपणें, कांहीं विषाणूंत आढळलें. याचा लाभ मोठा आहे. मनुष्याच्या जनुकांत मधून मधून निरर्थक वाटणारे भाग असतात. ते गाळण्याची सोय जीवाणूंजवळ नाहीं. आरएनएच्या पक्क्या प्रतींत ते आधींच गाळलेले असतात. म्हणून तिच्यावरून उलट उतरविलेलें जनुक जीवाणूंस वाचतां येतें.

हीं साधनें हातीं येतांच काम वेगानें पुढें गेलें. १९७२ सालीं स्टॅनफर्ड येथें पॉल बर्ग व त्यांचे सहकारी यांनीं दोन निरनिराळ्या विषाणु-प्लाझ्मिडांचे डीएनए परीक्षानळींत एकत्र जोडले. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत होनोलुलू येथील एका परिषदेंत प्लाझ्मिडांचे अभ्यासक स्टॅन्ली कोहेन व कात्रीचे स्वामी बॉयर यांची गांठ पडली. १९७३ सालीं त्या दोघांनीं आपल्या सहकाऱ्यांसह एका औषधास दाद न देणारें जनुक व दुसऱ्या औषधास दाद न देणारें जनुक एकाच प्लाझ्मिडांत शिवून तें ई. कोलायमध्यें घातलें. दोन्ही औषधें घातलेल्या खाद्यावर जे जीवाणू जगले, त्यांच्यांत नवी शिवण उतरली आहे, हें उघड झालें. ई. कोलाय अनुकूल स्थितींत वीस मिनिटांत दुप्पट होतो. या हिशेबानें एका जीवाणूचे दहा तासांत शंभर कोटींहून अधिक होतात, आणि प्रत्येकांत त्या शिवणीची नक्कल असते.

इन्सुलिनचा प्रश्न सुटला तो याच मार्गानें. इन्सुलिन हें ५१ दुव्यांचें प्रथिन. त्याच्या दोन साखळ्या, एक २१ दुव्यांची व दुसरी ३० दुव्यांची. १९७८ सालीं कॅलिफोर्नियांत केइची इताकुरा, आर्थर रिग्ज व त्यांचे सहकारी यांनीं दोन्ही साखळ्यांचीं जनुकें लहान तुकड्यांपासून घडविलीं, लायगेजनें सांधलीं व निरनिराळ्या जीवाणूंत घातलीं. जीवाणूंनीं साखळ्या बनविल्या. त्या एकत्र जोडतांच मनुष्याचें इन्सुलिन तयार झालें. कत्तलखान्यावरील अवलंबन अशा रीतीनें संपुष्टांत येऊं लागलें.

तथापि कात्री कोणाचें कापड कापते आणि सुई कशास काय जोडते, हें त्यांस कळत नाहीं. त्यांस फक्त अक्षरें कळतात. कर्करोगाशीं संबंध असलेल्या विषाणूचा डीएनए आतड्यांतील जीवाणूंत घातला आणि तो जीवाणू बाहेर निसटला तर काय होईल, ही शंका प्रथम या शास्त्रज्ञांच्याच मंडळींत निघाली, आणि बर्ग यांनीं तो प्रयोग आपण होऊन थांबविला. १९७४ सालीं त्यांनीं व इतरांनीं कांहीं प्रयोग तूर्त स्थगित ठेवावे, असें जाहीर आवाहन केलें. १९७५ च्या फेब्रुवारींत कॅलिफोर्नियांतील असिलोमार येथें सुमारें १४० जण जमले व कोणत्या प्रयोगास किती बंदोबस्त हवा, याचे नियम त्यांनीं ठरविले. हत्यार हातीं येतांच त्याच्या वापराचा विचार करण्यास त्याचे निर्मातेच थांबले, ही गोष्ट स्मरणांत ठेवण्याजोगी आहे.

या कात्र्यांचा उपयोग केवळ औषध बनविण्यापुरता नाहीं. सिकलसेल नांवाच्या रक्तविकारांत एका जनुकांतील एका अक्षराचा बदल होतो. ए च्या जागीं टी येतो. विदर्भांत व सातपुड्याच्या भागांत अनेक आदिवासी कुटुंबें या रोगानें पीडलेलीं आहेत. निरोगी जनुकांत ज्या जागीं एक विशिष्ट कात्री कापते, ती जागा या एका अक्षरानें नाहींशी होते. तेथें निरोग्याच्या डीएनएचे सुमारें १,१५० व २०० जोड्यांचे दोन तुकडे पडतात. रोग्याचा १,३५० जोड्यांचा एकच अखंड तुकडा राहतो. १९८२ सालीं या युक्तीनें गर्भावस्थेंतच रोगनिदान करण्याची रीति प्रसिद्ध झाली. कात्रीनें न कापणें हीच येथें रोगाची खूण.

पुढें २०१२ सालीं जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पांतिए यांनीं जीवाणूंच्याच आणखी एका संरक्षण-साधनापासून हवा तो क्रम सांगून कापविणारी क्रिस्पर ही नवी कात्री सिद्ध केली. त्याबद्दल त्यांस २०२० सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. तिच्या साहाय्यानें सिकलसेलवर करावयाचा उपचार नोव्हेंबर २०२३ मध्यें ब्रिटनमध्यें व पुढच्याच महिन्यांत अमेरिकेंत मंजूर झाला. अमेरिकेंत त्याची जाहीर किंमत एका रोग्यामागें २२ लक्ष डॉलर ठेवण्यांत आली.

ही किंमत ऐकल्यावर टोरँटोच्या त्या मुलाकडे पुनः लक्ष जातें. त्यास वांचविणाऱ्या इन्सुलिनचे शोधकर्ते १९२३ सालीं आपला हक्क टोरँटो विद्यापीठास नाममात्र किमतीस देऊन मोकळे झाले होते. औषध सर्वांस मिळावें, हा त्यांचा हेतु होता. जीवाणू ज्या विकरांच्या बळावर विषाणूशीं झुंजत आले, तीं मनुष्यानें त्यांच्यापासून उचललीं, आणि त्यांच्या साहाय्यानें पोथींतील एक अक्षर ओळखणें व पान शिवणें त्यास साधलें. सातपुड्यांतील आजारी मुलाच्या उशापर्यंत हा उपचार नेऊन पोंचविणें मात्र कोणत्याहि विकराच्या कक्षेंतील नाहीं. तें काम मनुष्यांनींच करावयाचें असून तें अद्याप व्हावयाचें आहे.